कंपोटच्या डोंगरातलं विटांचं शंकराचं देऊळ: बेळगावातनं कसं जायचं आणि गेल्यावर काय बघायचं

आपल्याकडं कुणी कंबोडियाला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, अंगकोर वाट किती दिवसात होतंय. बरोबर आहे, ते बघायलाच पाहिजे. पण हे जे लिहूलोय ते अंगकोरबद्दल नाही. त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, समुद्राजवळ, कंपोट नावाचं नदीकाठचं गाव आहे, तिथनं आठ-दहा किलोमीटरवर भातशेतीच्या मधोमध चुनखडीचा एक डोंगर आहे, प्नोम छंगोक, आणि त्या डोंगराच्या पोटात गुहेत सातव्या शतकातलं विटांचं शंकराचं देऊळ उभं आहे. कोरलेलं नाही हां, बांधलेलं. म्हणजे गुहा निसर्गाची आणि तिच्यात माणसांनी विटा वाहून नेऊन देऊळ रचलेलं.

आधीच सांगतो, देऊळ बारकं आहे. गल्लीतल्या मारुतीच्या गाभाऱ्याएवढं धरा. अंगकोरचे फोटो डोक्यात ठेवून गेलात तर पाच मिनिटात "एवढंच?" म्हणून बाहेर याल, आणि अशी तोंड वाकडं करून बाहेर येणारी मंडळी तिथं दिसतातच. इथं जायचं ते वय बघायला आणि जागा बघायला. ज्याला बदामी, ऐहोळे, हलशी इथं गेल्यावर खांबाला हात न लावता नुसतं उभं राहून बघत बसायला आवडतं त्याने जावं, बाकीच्यांनी कंपोटला नदीत बोटिंग करावं, तेही चांगलं असतं.

बदामीचं नाव उगीच घेतलं नाही. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा ५७८ सालचा शिलालेख आहे, ऐहोळेच्या मेगुती देवळावरचा रविकीर्तीचा शिलालेख ६३४ चा, आणि तो ज्याच्या काळातला तो दुसरा पुलकेशी. आता बघा, पुलकेशी इकडं राज्य करत होता त्याच सुमाराला तिकडं ईशानवर्मा पहिला हा राजा ईशानपूर नावाच्या राजधानीत होता. आज त्या जागेला संबोर प्रेई कुक म्हणतात आणि २०१७ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. ह्युएन त्संग पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल लिहून गेला हे आपण शाळेत शिकलो, त्याच माणसाने पूर्वेकडच्या देशांची नावं देताना ईशानपुराचंही नाव लिहून ठेवलंय, स्वतः तिकडं गेला नाही तरी. म्हणजे कंपोटच्या गुहेतलं देऊळ हे अंगकोर वाटच्या चारपाचशे वर्षं आधीचं. अंगकोर वाट बाराव्या शतकातलं, दुसऱ्या सूर्यवर्म्याचं. हे एकदा डोक्यात बसलं की मग ते बारकं देऊळ बारकं वाटत नाही.

कधी जायचं ते सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. मार्चपासून तापायला लागतं आणि एप्रिलमध्ये घामाने नुसता चिखल होतो. मे ते ऑक्टोबर पावसाळा, आणि कंपोटच्या मागे बोकोरचे डोंगर आडवे असल्याने समुद्राकडनं आलेला पाऊस तिथंच कोसळतो, आपल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात होतं तसंच. पावसात गुहेतल्या खालच्या वाटांत पाणी भरतं, पायऱ्या शेवाळतात आणि शेवटचा लाल मातीचा रस्ता लोण्यासारखा होतो. बेळगावकरांना पावसाचं काय कौतुक म्हणाल, पण घसरून पडायला तिकडं जाऊ नका. एप्रिलच्या मध्याला त्यांचं नवीन वर्ष असतं, तेव्हा अख्खा देश गावाकडं निघतो, गाड्यांना जागा नाही आणि दुकानं बंद. तसंच भाद्रपदात, आपला पितृपक्ष असतो त्याच पंधरवड्यात, त्यांचा प्चुम बेन असतो, पितरांसाठी विहारात भाताचे गोळे वाहतात, शेवटचे तीन दिवस सरकारी सुट्टी. बघायला भारी वाटतं, पण गाडीचं आणि खोलीचं बुकिंग आधी करून ठेवा.

कागदपत्रं. पासपोर्ट पोचायच्या तारखेपासून पुढं निदान सहा महिने चालू पाहिजे. व्हिसा ऑनलाइन निघतो, टुरिस्ट व्हिसा एक महिन्याचा, सरकारी फी तीस डॉलरच्या आसपास, थोडं इकडंतिकडं. पण गूगलवर शोधलं की वरच्या वर चार एजंटांच्या वेबसाइट येतात, दिसायला सरकारीच, आणि त्या दुप्पट घेतात. कंबोडिया सरकारच्या परराष्ट्र खात्याची जी मूळ साइट आहे तीच शोधा. शिवाय ई-अरायव्हल म्हणून एक फॉर्म आहे, पोचायच्या आधीच्या सात दिवसात भरायचा, तो फुकट आहे, त्याचे कुणी पैसे मागितले तर ती साइट बंद करा. आता खास आपल्या भागातली अडचण: कुणाच्या पासपोर्टवर जन्मगाव बेल्गाम, कुणाच्या बेळगावी, एकाच घरातल्या नवराबायकोच्या आडनावाची स्पेलिंगं वेगळी कारण एकाचा दाखला मराठी शाळेतला आणि दुसऱ्याचा कन्नड शाळेतला. गावाचं नाव २०१४ ला बदललं त्यामुळे हे चालायचंच. फॉर्म भरताना आधार बघू नका, व्होटर कार्ड बघू नका, पासपोर्टवर जे अक्षर जसं आहे तसंच टाइप करा, बास.

जायचं कसं? सांबऱ्यावरनं, म्हणजे बेळगावच्या एअरपोर्टवरनं, बेंगळूर नाहीतर मुंबई, किंवा स्वस्तात करायचं असेल तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री बसून सकाळी बेंगळूर. पुढं बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूर करून नोम पेन, म्हणजे कंबोडियाची राजधानी. तिकीट शक्यतो एकाच बुकिंगवर घ्या. बँकॉकला दोन एअरपोर्ट आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, आणि दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडायच्या नादात एका एअरपोर्टवर उतरून दुसऱ्यावर पळायची पाळी येते, मध्ये थायलंडची इमिग्रेशन. वाचलेले दोन हजार टॅक्सीत जातात. नोम पेनचा एअरपोर्ट आता नवीन आहे, तेचो नावाचा, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला, शहराच्या दक्षिणेला बऱ्यापैकी लांब, त्यामुळे जुन्या ब्लॉगमध्ये "एअरपोर्टवरनं अर्ध्या तासात शहरात" असं वाचलं असेल तर ते विसरा. घड्याळ दीड तास पुढं करा.

थायलंडमधनं बसने कंबोडियात शिरायचा प्लॅन बरेच जण करतात, तो सध्या डोक्यातनं काढा. २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या सीमेवर तोफा चालल्या, जुलैमध्ये आणि परत डिसेंबरमध्ये, आणि जमिनीवरच्या चौक्या जूनपासूनच बंद पडल्या होत्या. निघायच्या आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा. भांडणाच्या मुळाशी एक देऊळच आहे, प्रेआ विहेअर, हेसुद्धा शंकराचंच, डोंगराच्या कड्यावरचं. १९६२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने ते कंबोडियाचं म्हणून निकाल दिला आणि तरी साठ वर्षांनी गोळीबार. आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तर कोर्टाचा निकाल लागला म्हणजे प्रश्न सुटला असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला बरं आहे. असो. कंपोट त्या सगळ्यापासून शेकडो किलोमीटर लांब, व्हिएतनामच्या बाजूला आहे.

नोम पेनला एक दिवस काढाच, आणि तो दिवस नॅशनल म्युझियमला द्या. कारण गुहेतल्या देवळात आज मूर्ती बघायला मिळत नाहीत. त्या काळची मूर्तिकला कशी होती ते म्युझियममध्ये कळतं. अंगकोर बोरेई (हे अंगकोर वाट नव्हे, दक्षिणेतलं वेगळं गाव) जवळच्या प्नोम दा टेकडीवरचा आठ हातांचा विष्णू आणि गोवर्धन उचललेला कृष्ण तिथं आहेत. कृष्णाचा तो वर केलेला हात बघा आणि चेहरा बघा, ओठ जाड, डोळे शांत, ना पूर्ण आपला ना पूर्ण परका. अंगकोर बोरेईलाच ६११ सालचा ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतला शिलालेख मिळालाय, तारीख असलेला सगळ्यात जुना तोच, आणि लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरनं आलेली. ख्मेर पाट्या बघून आमच्या ग्रुपमधल्या कन्नड शाळेत शिकलेल्या आक्का सारख्या म्हणत होत्या, वाचता येईल येईल असं वाटतंय आणि येत नाही.

नोम पेन ते कंपोट दीडशे किलोमीटरच्या आसपास, मिनीव्हॅनने तीन तास धरा, ट्रॅफिक लागलं तर चार. ट्रेनही आहे, नोम पेन ते सिहानुकव्हिल लाइनवर, टाकेओ करत कंपोटला येते, बराच काळ बंद होती ती २०१६ ला परत सुरू झाली. ट्रेन सावकाश जाते, पण खिडकीतनं ताडाची झाडं, भातशेती, म्हशी असं सगळं दिसत राहतं. रोजचं वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा तिकीट काढल्याशिवाय तिच्या भरवशावर पुढचं बुकिंग करू नका. म्हातारी माणसं बरोबर असतील तर व्हॅनपेक्षा ट्रेन बरी, पाय मोकळे करता येतात.

पैशाचं बघा. तिकडं डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, एका डॉलरला चार हजार रिएलच्या आसपास. तुम्ही डॉलर द्यायचा, सुटे रिएलमध्ये परत येतात, सुरुवातीला हिशेब करताना डोकं फिरतं, दोन दिवसात सवय होते. नोटा मात्र कोऱ्या पाहिजेत. जरा फाटलेली, पेनाने आकडा लिहिलेली, जास्त मळलेली नोट ते घेत नाहीत, हसून परत देतात. त्यामुळे इकडनं डॉलर घेताना एकेक नोट उलटीपालटी करून बघूनच घ्या आणि एक, पाच, दहाच्या जास्त घ्या. शंभराची नोट टुकटुकवाल्यापुढं धरून काय उपयोग नाही.

खाण्यापिण्याबद्दल लोक फार घाबरवतात. मांसाहारी असाल तर काहीच प्रश्न नाही, कंपोटच्या हिरव्या मिरीतलं खेकड्याचं कालवण खाऊन बघा, खेकडे शेजारच्या केपच्या बाजारात जिवंत मिळतात. शाकाहारी असाल तर खरी अडचण मांसाची नाही, माशाच्या पाण्याची आहे. फिश सॉस जवळपास सगळ्यात घालतात, आणि प्राहोक म्हणून आंबवलेल्या माशाचा लगदा असतो तो भाजीतही जातो. मोबाइलवर ख्मेर भाषेत "मांस नको, मासा नको, फिश सॉस नको, प्राहोक नको" एवढं भाषांतर करून ठेवा आणि ऑर्डर देताना दाखवा. कंपोटला परदेशी लोक बरेच राहतात त्यामुळे शाकाहारी जेवण मिळतं. घरातनं काय न्यायचं? कुंदा नेऊ नका, त्या उष्म्यात टिकणार नाही. गोकाकचा करदंट न्या, गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याचा असल्याने आरामात टिकतो, गुहा चढायच्या आधी एक तुकडा तोंडात टाकला की बास. शेंगा चटणी आणि कडक भाकरी चेक-इनच्या बॅगेत घाला, केबिन बॅगेत चटणीच्या पुडीवरनं सिक्युरिटीवाले चार प्रश्न विचारत बसतात.

आता मूळ मुद्दा, गुहा.

कंपोटात ज्या लॉजवर राहाल तिथंच टुकटुक सांगून ठेवा, अर्ध्या दिवसाचा भाव आधी ठरवून, थांबायचा वेळ धरून. "प्नोम छंगोक" हे आपल्या उच्चाराने त्यांना कळेलच असं नाही, तेव्हा मॅपवर पिन आणि एक फोटो दाखवा. स्कूटर भाड्याने मिळते, तरणी पोरं तीच घेतात, पण लक्षात ठेवा तिकडं गाड्या उजव्या बाजूने चालतात, आपल्या उलट, आणि सवयीने चौकात डावीकडं शिरलात की संपलं. इंटरनॅशनल परमिट आपल्या आरटीओतनं आधीच काढून न्यावं लागतं, ते नसेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला हात वर करतो. टुकटुकच घ्या.

सकाळी सात-साडेसातला निघा. कारण दोन, एक म्हणजे ऊन, दुसरं म्हणजे गुहेत उजेड वरच्या भगदाडांतनं येतो आणि सकाळचा तिरपा उजेड दुपारपेक्षा चांगला असतो. केपच्या रस्त्याने जरा पुढं जाऊन डावीकडं वळायचं, डांबर संपलं की लाल माती, दोन्हीकडं शेतं आणि मध्येमध्ये ताड. त्या सपाट भागात चुनखडीचे डोंगर अचानक उठलेले दिसतात, एकेकटे, उभ्या कड्यांचे. आपल्याकडं सह्याद्री म्हणजे काळा बेसॉल्ट आणि जांभा, असला राखाडी, सुऱ्यांसारख्या कडांचा खडक आपल्याला बघायची सवय नाही. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर दांडेलीकडची कवळा गुहा. तिथंही चुनखडी, तिथंही पाण्याने थेंबाथेंबाने तयार केलेलं लिंग आणि शिवरात्रीला गर्दी. जे कवळ्याला वाकून सरपटून गेलेत त्यांना प्नोम छंगोक सोपं वाटेल, कारण इथं गुहा उंच आहे, वाकायला लागत नाही.

डोंगराच्या पायथ्याला विहार आहे, तिथं तिकीट घ्यायचं, एखाद-दुसरा डॉलर. तिथंच गावातली पोरं टॉर्च घेऊन मागं लागतात, इंग्लिश फाडफाड बोलतात. याबद्दल माझं मत सांगतो, कुणाला पटो न पटो: शाळेची वेळ असेल तर बारक्या पोराला गाइड म्हणून घेऊ नका, पैसे मिळतात म्हणून शाळा सुटते. मोठा मुलगा किंवा बाई असेल तर खुशाल घ्या, पैसे आधी ठरवा, आणि गुहेतल्या आडवाटा त्यांनाच माहीत असतात हे पण खरं. टॉर्च मात्र स्वतःची न्या. मोबाइलचा उजेड कामाचा नाही, तो जवळ पांढरा पसरतो आणि लांब पोचत नाही. डोक्याला बांधायची टॉर्च असेल तर उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात.

पायऱ्या दोनशेच्या आसपास, सिमेंटच्या, आधी वर चढायच्या आणि मग गुहेत खाली उतरायच्या. यल्लूरगड चढणाऱ्याला काहीच नाही, गुडघेदुखीवाल्यांनी दोन ठिकाणी थांबत जावं. चप्पल नको, तळ धरणारे बूट घाला, पण काढायला सोपे असलेले. अंगात खांदे झाकणारा शर्ट, गुडघ्याखाली जाणारी पँट किंवा पंजाबी ड्रेस. पाणी जवळ ठेवा. वटवाघळं आहेत, वर धुराड्यासारखी भोकं आहेत तिथं चिवचिवत असतात, ती काही करत नाहीत, पण विष्ठेचा वास आणि धूळ असते, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क लावा. डासांचं मलम अंगाला लावूनच निघा, डेंग्यू तिकडंही आहे.

आत उतरल्यावर लगेच देवळाकडं पळू नका. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या, टॉर्च बंद ठेवून. मग हळूहळू गुहेची उंची कळते, वरनं येणाऱ्या उजेडाचा पट्टा दिसतो, खडकात हत्तीचा आकार दिसतो. हत्ती कुठला ते पोरं दाखवतातच. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा हत्ती दिसला नाही, दाखवल्यावर मात्र दुसरं काही दिसेना. हे सगळं झालं की मग देवळाकडं वळा.

देऊळ बघायचं ते असं. आधी लांबनं, बाजूने, म्हणजे गुहेचं छत आणि देवळाचा माथा यांच्यात किती जागा आहे ते कळतं. छताकडनं उतरलेली चुनखडी देवळाच्या माथ्यापर्यंत येऊन भिडलीय. चुनखडीतनं झिरपणारं पाणी विरघळलेला चुना बरोबर आणतं, थेंब पडताना तो थोडा थोडा मागं ठेवतं, आणि असं शतकानुशतकं चाललं की दगड वाढतो. देऊळ बांधणाऱ्यांना हा डोंगर जिवंत वाटला असेल तर नवल नाही. डोंगर म्हणजे शंकराचं घर, गुहा म्हणजे त्याचा गाभारा, आणि आत पूजेला घेतलेलं लिंग पण खडकाचंच, स्वयंभू. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही, वैजनाथाच्या डोंगरावर जाणाऱ्यांना तर नाहीच.

मग जवळ जा आणि विटांचे सांधे बघा. टॉर्च समोरनं मारू नका, बाजूने, भिंतीला घासून जाईल अशी मारा, म्हणजे नक्षीच्या खुणा वर उठून दिसतात, समोरनं मारली की सगळं सपाट. सांध्यात आपल्यासारखा चुन्याचा जाड थर दिसत नाही. ख्मेर गवंडी विटेला वीट घासून, मध्ये वनस्पतीचा चिकट रस लावून बसवायचे, म्हणून रेघ इतकी बारीक. दारातनं आत वरच्या बाजूला बघा, खरी कमान त्यांच्याकडं नव्हती, प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत वर मिटवायचे. नंतर अंगकोरला दगडात पण हीच पद्धत, म्हणूनच तिथली दालनं अरुंद. म्हणजे अंगकोरचं गणित कळायचं असेल तर त्याचा पहिला धडा या गुहेत आहे, आणि माझं तर म्हणणं आहे की आधी कंपोट करावं आणि मग अंगकोरच्या शेजारच्या सिएम रीपला जावं, उलटं नाही.

देऊळ एवढं शाबूत कसं राहिलं याचं उत्तर वरच बघितलं की मिळतं. उघड्यावरच्या विटांच्या देवळांचं काय होतं ते संबोर प्रेई कुकला दिसतं, पाऊस विटा खातो आणि वडापिंपळाच्या जातीची झाडं मुळं घालून भिंती फोडतात. इथं पाऊस थेट लागत नाही आणि ऊन नाही म्हणून झाड उगवत नाही. डोंगरानेच छत धरलंय.

आता न करायच्या गोष्टी, आणि हे आपल्या लोकांसाठी खास लिहूलोय. लिंग दिसलं म्हणून हळद-कुंकू, दूध, तेल, काहीही वाहायचं नाही. नारळ फोडायचा नाही. चौदाशे वर्षांची वीट आहे, तेल शोषून घेते आणि डाग कधीच जात नाही. तिथले लोक आज बौद्ध आहेत, ते उदबत्ती लावतात, ठरलेल्या जागी. तुम्हालाही वाटलं तर तिथंच लावा, हात जोडा, दानपेटीत काय टाकायचं ते टाका. मोठ्याने घोषणा देऊ नका, गुहा घुमते आणि वटवाघळं उडतात. बूट आणि टोपी काढून जवळ जायचं. भिक्षू भेटले तर बायकांनी त्यांना हात लावायचा नाही, वस्तू थेट हातात द्यायची नाही. पुरुषांनीही लांबनंच नमस्कार करावा. भिंतीला टेकून फोटो काढणारे दिसले तर तुम्ही काढू नका, एवढंच आपल्या हातात.

देवळामागनं डोंगराच्या आत एक वाट जाते, पलीकडं निघते. कोरड्या दिवसात गाइडबरोबर जाता येतं, निसरडी आहे, हातपाय टेकत उतरायला लागतं आणि कपडे मळतात. पावसाळ्यात पाणी भरलेलं असतं तेव्हा कुणी कितीही म्हणालं तरी जाऊ नका. पोटाने जरा सुटलेल्या मंडळींनी आणि अंधाराची भीती असणाऱ्यांनी देवळापाशीच बसावं, तिथं बसण्यासारखं पुष्कळ आहे. एकूण दोन तास धरा, घाईने केलं तर पाऊण तासात पण होतं पण मग एवढ्या लांब आला कशाला.

आसपासच्या असल्या चुनखडीच्या डोंगरांना सिमेंटच्या कारखान्यांसाठी फोडतात, रस्त्यात तसे कापलेले डोंगर दिसतील. खडी क्रशरने टेकड्या खाल्लेल्या आपण रोज बघतो, त्यामुळे ते दृश्य नवीन नाही, फक्त आत काय काय असू शकतं ते गुहा बघून आल्यावर जास्त लागतं.

अर्धा दिवस उरतो, तो असा लावा. जवळच एक तलाव आहे, टुकटुकवाले सीक्रेट लेक म्हणून नेतात, दिसायला सुंदर, पण ख्मेर रूज या पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, म्हणजे १९७५ ते ७९, लोकांकडनं सक्तीने खणून घेतलेला, तेव्हा तिथं नाचाचे रील काढू नका. त्याच बाजूला मिरीचे मळे आहेत. कंपोटची मिरी जगात नावाजलेली, कंबोडियाचं २०१० पासून आणि युरोपियन युनियनचं २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे तिला. मळ्यात फिरवून दाखवतात, हिरवी, काळी, लाल, पांढरी एकाच वेलीची कशी होते ते सांगतात. आणखी एक डोंगर बघायचा असेल तर केपच्या रस्त्यावर प्नोम सोर्सिया, तिथं पांढऱ्या हत्तीची गुहा आहे, पण जुनं देऊळ नाही, वेळ असला तरच. आणि पुढं कंपोंग त्राचला डोंगराच्या आत कुंडासारखी मोकळी जागा आणि निजलेला बुद्ध आहे.

घरी आणायला मिरी घ्या, लाल मिरी आपल्याकडं सहज मिळत नाही. मळ्यातनं किंवा मानांकनाचा शिक्का असलेलं सीलबंद पाकीटच घ्या, बाजारातली सुटी "कंपोट मिरी" बऱ्याचदा दुसरीकडची असते. भाव ऐकून घरातल्या वहिनी म्हणतील की सिरसीची मिरी काय वाईट आहे, तर वाईट नाहीच, म्हणून थोडीच घ्या.